डिझाइन एजन्सी चालवताय? मग हे प्रश्न पडणारच (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वेबसाइट, ब्रँडिंग, सोशल मीडिया असं काम करणाऱ्या छोट्या एजन्सीवाल्यांकडून आणि फ्रीलान्सर्सकडून तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सगळे एका जागी लिहिले. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे पुढे किचकट. उत्तरं महाराष्ट्रात बसून काम करणाऱ्यांना धरून आहेत. टॅक्सचं काहीही पक्कं करायच्या आधी तुमच्या सीएशी एकदा बोलून घ्या.

१. एजन्सी सुरू करायला प्रायव्हेट लिमिटेड काढावीच लागते का?

नाही. एकटे असाल तर प्रोप्रायटरशिपवर मस्त चालतं, तुमचंच पॅन, एक करंट अकाउंट, आणि उद्यम रजिस्ट्रेशन म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद करून टाका, ते सरकारी पोर्टलवर फुकट होतं, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट्सच्या नादी लागू नका. उद्यमचा खरा उपयोग प्रश्न १३ मध्ये कळेल. महाराष्ट्रात व्यवसाय कर म्हणजे पीटीईसी पण घ्यावं लागतं, वर्षाला २,५०० रुपये. दोघं मित्र मिळून करत असाल तर पार्टनरशिप डीड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) पहिल्याच महिन्यात करा. कोण किती वेळ देणार, आणि एकाने सोडलं तर क्लायंट कोणाकडे राहणार, हे मैत्री चांगली असतानाच लिहून होतं. नंतर तो विषय काढायलाच अवघड जातं.

२. जीएसटी कधी घ्यायचा?

सर्व्हिस देणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की घ्यावाच लागतो. डिझाइनच्या कामावर दर १८ टक्के. बंगलोरच्या क्लायंटला बिल केलं म्हणून लगेच जीएसटी नंबर लागतो असं खूप जण सांगतात पण सर्व्हिसच्या बाबतीत परराज्यातल्या कामालाही तीच २० लाखांची मर्यादा आहे. मोठे क्लायंट मात्र जीएसटी नंबर नसेल तर व्हेंडर म्हणून घेतच नाहीत, तसे क्लायंट हवे असतील तर आधीच घेतलेला बरा. एक लक्षात ठेवा, नंबर घेतला आणि टॅक्स इनव्हॉइस काढलं की क्लायंटने पैसे दिले असोत नसोत, तुमचा जीएसटी भरायचा असतो, आणि अ‍ॅडव्हान्स आला तर त्याच्यावरही लागतो. त्यामुळे क्लायंट कामाला हो म्हणेपर्यंत प्रोफॉर्मा म्हणजे कच्चं बिल पाठवा. आणि क्लायंटच्या जाहिरातीचे पैसे तुमच्या खात्यातून फिरत असतील तर प्रश्न १५ आत्ताच वाचा.

३. रेट कसा ठरवायचा? समोरचा किती घेतो ते बघून?

समोरच्याचं भाडं वेगळं, पगार वेगळे, त्याच्या रेटवरून तुमचं काहीच कळत नाही. आधी स्वतःचा खर्च काढा. समजा दोघं जण आहात, दोघांचे पगार, जागा, लाइट, इंटरनेट, सॉफ्टवेअर, सीए सगळं धरून महिन्याला दीड लाख जातात. आता दिवसाचे आठ तास धरून महिन्याचे दोनशे तास होतात असं वाटतं, पण त्यातले मीटिंग, फोन, कोटेशन, पैशांची आठवण, प्रवास हे वजा केलं तर माणशी शंभर तास खरं डिझाइनचं काम झालं तरी पुष्कळ. म्हणजे दोघांचे मिळून दोनशे. दीड लाख भागिले दोनशे, तासाला ७५० रुपये. हा फक्त खर्च आहे, यात नफा नाही, रिकामा गेलेला महिना नाही, बंद पडलेला लॅपटॉप नाही. क्लायंटला तासाचा हिशोब दाखवायची गरज नाही, त्याला पूर्ण कामाची एक रक्कम सांगा, पण आतमध्ये हे गणित केल्याशिवाय कोटेशन पाठवू नका. वर्षभर राबून हातात काहीच उरत नाही म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी हे गणित कधी मांडलेलंच नसतं.

४. क्लायंट म्हणतो लोगो तर ऑनलाइन ५०० रुपयात मिळतो. काय बोलायचं?

वाद घालू नका. त्याला ५०० चाच हवा असेल तर तिथून घेऊ दे, खरंच. नुकताच गाळा घेतलेल्या माणसाला तेवढं पुरतंही कधी कधी. पण पुढे बोर्ड, बॉक्स, गाडी, युनिफॉर्म सगळीकडे तेच चिन्ह लागणार असेल आणि ट्रेडमार्क करायचा असेल, तर तयार टेम्प्लेटमधलं चित्र अजून कितीतरी जण वापरत असतील एवढं त्याला नक्की सांगा.

५. आधी फुकट सॅम्पल करून दाखवा म्हणतात. करायचं का?

मी करत नाही आणि करू नका असंच सांगेन. सॅम्पल म्हणजे क्लायंटच्या धंद्याबद्दल काहीच न विचारता केलेलं चित्र, ते आवडलं तरी चुकीच्या कारणासाठी आवडतं आणि पुढचं सगळं काम त्याच चित्राला चिकटून राहतं. त्याऐवजी जुनं काम दाखवा, त्या कामात अडचण काय होती आणि तुम्ही काय केलं ते सांगा. किंवा एक छोटा पैसे घेऊन करायचा टप्पा ठेवा, जसं की फक्त होमपेज. त्यात दोघांनाही एकमेकांचा अंदाज येतो.

६. कोटेशनमध्ये नक्की काय काय लिहायचं?

किती पानं, किती भाषा, मजकूर कोण देणार, फोटो कोण देणार, किती वेळा बदल करून मिळतील, पैसे कोणत्या टप्प्यावर, आणि यात काय *नाही* ते. शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं. होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) यात नाही, फोटोग्राफी यात नाही, प्रॉडक्ट अपलोड करून देणं यात नाही, असं स्पष्ट. टप्पे आम्ही अर्धे आधी, तीस टक्के डिझाइन पास झाल्यावर आणि वीस टक्के साइट लाइव्ह करायच्या *आधी* असे ठेवतो. लाइव्ह झाल्यावर देतो म्हणालेले वीस टक्के निघता निघत नाहीत. अजून एक वाक्य घाला, क्लायंटकडून मजकूर अमुक दिवसात आला नाही तर पुढचा हप्ता तरीही देय होईल. आमच्याकडे साइट्स रखडतात त्या जवळजवळ नेहमी मजकुरापायी, "अबाउट अस तुम्हीच काहीतरी टाका" पासून सुरू होतं आणि दिवाळी येते. मजकूर लिहून देणं हे वेगळं काम आहे, वेगळी लाइन टाकून पैसे लावा, आणि लेखकाला द्या.

७. क्लायंटच्या वाटेल तशा करेक्शन्स कशा आवरायच्या?

करेक्शनचा आकडा कोटेशनमध्ये असतोच (प्रश्न ६) पण नुसत्या आकड्याने काही होत नाही, खरा घोळ हा असतो की बोलतं कोण. घरचा धंदा असेल तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलगा म्हणतो एकदम मिनिमल हवं, काका म्हणतात जागा रिकामी दिसतेय तिथे फोन नंबर मोठा टाका, आणि रात्री साडेदहाला वडिलांची व्हॉइस नोट येते की लाल रंग नको. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये विचारून घ्या, फायनल हो कोण म्हणणार, आणि डिझाइन दाखवताना तो माणूस समोर बसलेला असलाच पाहिजे. नुसती फाइल पाठवून देऊ नका, स्वतः दाखवा, कुठली गोष्ट कुठे आणि का ते सांगा. मग जे बदल ठरतील ते त्याच दिवशी एका मेलमध्ये लिहून पाठवा. आणि "जरा अजून उठावदार करा" असं कोणी म्हटलं तर लगेच रंग बदलायला बसू नका, विचारा की काय दिसत नाहीये, कोणाला दिसलं पाहिजे. निम्म्या वेळा उत्तर येतं की किंमत दिसत नाही किंवा आमचं नाव वाचता येत नाही. हे सोडवता येण्यासारखं आहे.

८. "चांगलं काम" म्हणजे काय मग? क्लायंट खूश झाला म्हणजे झालं का?

क्लायंट खूश व्हायला हवाच, पण साइट वापरणार त्याचं गिऱ्हाईक. एका दाताच्या दवाखान्याचं काम होतं. डॉक्टरांना वर मोठा स्लायडर हवा होता, नवीन मशीन, सर्टिफिकेटं, हसणारे चेहरे. आम्ही म्हटलं एक दुपार रिसेप्शनला बसू द्या. फोन सतत वाजत होता आणि प्रश्न तेच, डॉक्टर आज आहेत का, किती वाजेपर्यंत, गाडी लावायला जागा आहे का, लिफ्ट आहे का कारण आईला जिना चढवत नाही, रूट कॅनालला साधारण किती. मशीनबद्दल कोणीच विचारलं नाही. मग होमपेजच्या वरच्या भागात आजची वेळ, फोनचं बटण, नकाशा आणि लिफ्ट-पार्किंगची एक ओळ गेली, खर्चाचा अंदाज एका वेगळ्या पानावर, मशीन खाली. डॉक्टरांना पटवायला वेळ लागला नाही कारण फोनवरचे प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवले होते, आमची आवड त्यात कुठेच नव्हती. फिग्मा (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी हे एवढं करा. दुकान असेल तर काउंटरपाशी उभे राहा, क्लास असेल तर पालकांशी बोला. मला विचाराल तर एजन्सीचं निम्मं काम इथेच होतं, आणि यासाठी कोटेशनमध्ये वेगळे पैसे धरायला अजिबात संकोच करू नका.

९. मराठी वेबसाइट किंवा पोस्ट करताना अक्षरं मोडतात, वेलांटी भलतीकडे जाते. काय करू?

याला वेगवेगळी कारणं असतात. फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल आणि जोडाक्षरं सुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन किंवा वर्ल्ड-रेडी हा पर्याय चालू करा. प्रेसमधून किंवा जुन्या ऑपरेटरकडून मजकूर आला असेल तर तो बहुतेक कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, तो युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) नाही, वेबसाइटवर टाकला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टरमधून काढा आणि मग माणसाकडून वाचून घ्या, कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरात हमखास गडबडतात.

फॉन्टचं म्हणाल तर फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे मोफत आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात. मराठी वळणाचा ल आणि श वेगळा असतो आणि बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाचा दिसतो, मराठी वळण फॉन्टच्या आत दडलेलं असतं, पेजची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवली की ब्राउझर ते बाहेर काढतो. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट आहे आणि मराठी वृत्तपत्रं वाचत मोठ्या झालेल्या माणसाला लगेच जाणवते. टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट तर खास मराठीसाठीच केलेला आहे. "दऱ्या", "सुऱ्या" मधला ऱ्य नीट येतो का हेही फॉन्ट निवडायच्या आधी टाइप करून बघा.

आणि कृपा करून देवनागरीला लेटर स्पेसिंग लावू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन लागतो. इंग्रजी डिझाइन पास करून घेऊन मग त्यात मराठी कोंबायचं असं करू नका, पहिलं पान मराठीतच करा. बटणावर "सबमिट करा" पेक्षा "अपॉइंटमेंट घ्या" लिहा. मराठी वाचणारं गिऱ्हाईक आहे म्हणून कमी दर्जाचं चालेल असं समजून केलेलं काम बघितलं की वाईट वाटतं, हा आपला स्वतःचा वाचक आहे.

१०. साइट सुंदर आहे पण मोबाइलवर हळू उघडते, हे डिझाइनरचं काम आहे का?

हो. पंधरा एमबीचा व्हिडिओ होमपेजवर ठेवायचं डिझाइनरच ठरवतो. गूगलच्या मापात मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे आणि टॅप केल्यावर पान २०० मिलिसेकंदांत हललं पाहिजे. तुमच्या ऑफिसच्या वायफायवर महागड्या फोनमध्ये तपासू नका, साधा अँड्रॉइड घ्या आणि बाहेर रस्त्यावर उभं राहून उन्हात बघा. फिकट राखाडी अक्षरं तिथे वाचताच येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट किमान साडेचारास एक असावा असा मान्य नियम आहे.

११. डोमेन आणि होस्टिंग कोणाच्या नावावर घ्यायचं?

क्लायंटच्या. त्याचा मेल, त्याचं कार्ड, तुम्ही फक्त शेजारी बसून करून द्या. इन्स्टाग्राम, गूगल बिझनेस प्रोफाइल, अ‍ॅड अकाउंट सगळ्याला हेच. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून क्लायंटला बांधून ठेवणारे लोक आहेत, एका क्लायंटची आधीच्या एजन्सीकडून डोमेन सोडवून घेताना झालेली दमछाक मी जवळून बघितली आहे, व्हिजिटिंग कार्डापासून बॉक्सपर्यंत सगळीकडे छापलेला पत्ता आणि तोच हातात नाही. क्लायंट कामासाठी टिकला पाहिजे, पासवर्डसाठी नाही. सांभाळायचे पैसे घ्यायचे असतील तर वर्षाचा मेंटेनन्स लावा आणि त्यात काय येतं ते लिहा. रिन्यूअलची तारीख मात्र तुमच्या कॅलेंडरमध्येही असू द्या.

१२. ओपन फाइल द्यायची का? आणि कॉपीराइट कोणाचा?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत (ओपन फाइल म्हणजे जिच्यात नंतर बदल करता येतात ती मूळ फाइल). कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या फ्रीलान्सरचं सहसा तसं नाही, त्याने हक्क लेखी आणि सही करून दिले पाहिजेत. म्हणजे तुम्ही फ्रीलान्सर इलस्ट्रेटरकडून काम करून घेतलं, पैसे दिले, पण कागद केला नाही, तर तुम्ही क्लायंटला जे विकताय त्याचा हक्क तुमच्याकडे आलेलाच नाही असं होऊ शकतं. अजून बारकावा, त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द हवेतच. क्लायंटला हक्क पूर्ण पैसे आल्यावर मिळतील असं कोटेशनमध्ये लिहा.

ओपन फाइलबद्दल मतं वेगळी आहेत. माझं मत, लोगोची व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) द्यायलाच हवी, त्याशिवाय तो बोर्ड तरी कसा करून घेणार. बाकी कामाच्या ओपन फाइल्स देणार की नाही हे आधी ठरवा, नंतर अडवून पैसे मागू नका.

१३. काम झालं, बिल गेलं, पैसेच येत नाहीत. काय करता येतं?

आधी फोन, मग मेल, मेलमध्ये बिलाची तारीख आणि रक्कम. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल आणि तुम्ही मायक्रो किंवा स्मॉल (सूक्ष्म किंवा लघु उद्योग) मध्ये येत असाल तर छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ तुमच्या बाजूने आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, मग करारात ९० दिवस लिहिलेले असले तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळतो. मार्चच्या सुरुवातीला हे क्लायंटच्या अकाउंटंटला नम्रपणे आठवून दिलं की पैसे सुटतात, मालकापेक्षा अकाउंटंटला हे लवकर समजतं. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा. तरी नाहीच मिळाले तर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते. साइट बंद पाडणं, होमपेजवर "पैसे दिले नाहीत" असं लिहिणं असले प्रकार करू नका, कितीही राग आला तरी.

१४. क्लायंटने बिलापेक्षा कमी पैसे पाठवले, म्हणतो टीडीएस कापला. बरोबर आहे का?

बहुतेक बरोबर असतं, टीडीएस म्हणजे क्लायंटने तुमच्या नावाने आधीच कापून सरकारला भरायचा आयकर. एक लाखाचं बिल, वर १८ हजार जीएसटी, त्यातून १० टक्के कापला तर १०,००० जातात आणि खात्यात १,०८,००० येतात. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो, १,१८,००० वर कापला असेल तर सांगा. काही क्लायंट २ टक्क्यांत बसवतात, ते कामाचा प्रकार कसा धरला त्यावर आहे. प्रोफेशनल फीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० झाली, त्याच्या आत असेल तर कापायचं कारण नाही. कापलेले पैसे बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात, पण दर तिमाहीला आयकर पोर्टलवरच्या तुमच्या टीडीएसच्या नोंदीत बघा, कापून न भरणारेही भेटतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा पत्रव्यवहारात प्रोफेशनल फीच्या टीडीएसचं जुनं कलम १९४जे लिहिण्याआधी सीएला विचारा.

१५. क्लायंटच्या इन्स्टाग्राम-गूगल जाहिराती आम्ही आमच्या कार्डवरून चालवतो. काही अडचण?

मोठी अडचण. तुमची फी महिन्याला १५,००० आणि जाहिरातीचं बजेट दोन लाख असेल आणि सगळ्याचं मिळून एकच बिल केलं, तर दोन लाखही तुमच्या उलाढालीत धरले जाऊ शकतात, वर्षाचे चोवीस लाख तिथेच झाले आणि २० लाखांची मर्यादा ओलांडली. वर क्लायंट पूर्ण रकमेवर टीडीएस कापू शकतो. सरळ उपाय, अ‍ॅड अकाउंट क्लायंटचं, कार्ड क्लायंटचं, बिल त्याच्या नावाने, तुम्हाला फक्त अ‍ॅक्सेस. जीएसटीचं क्रेडिटही मग त्यालाच थेट मिळतं.

१६. दुबई-अमेरिकेतल्या ओळखीच्या मराठी लोकांचं काम मिळालंय, त्यांना जीएसटी लावायचा का?

क्लायंट भारताबाहेर आणि पैसे परकीय चलनात आले तर ती सर्व्हिस एक्सपोर्ट, झिरो रेटेड म्हणजे जीएसटी शून्य. तुमच्याकडे जीएसटी नंबर असेल तर पोर्टलवर एलयूटी म्हणजे टॅक्स न भरता एक्सपोर्ट करायचं हमीपत्र भरा, तो दर आर्थिक वर्षाला नवीन भरावा लागतो, एप्रिलमध्येच करून टाका. बँकेकडून पैसे आल्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा. गोची कुठे होते तर माणूस राहतो दुबईत पण म्हणतो माझ्या पुण्याच्या खात्यातून रुपयात पाठवतो, किंवा काम बाणेरच्या त्याच्या हॉटेलचं आहे आणि बिल हॉटेलच्या इथल्या फर्मच्या नावावर. अशा वेळी एक्सपोर्ट समजून चालू नका, आधी सीएला दाखवा.

१७. शिवजयंतीच्या पोस्टसाठी महाराजांचं चित्र नेटवरून घेतलं तर चालतं का?

महाराज सगळ्यांचे आहेत, पण ते विशिष्ट चित्र कुणीतरी काढलेलं असतं. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं त्यावर कॉपीराइट असतो. आपल्याकडच्या चित्रकारांनी आयुष्य घालून केलेली चित्रं आहेत ही, नाव कापून बिल्डरचा लोगो लावून फिरवू नका. परवानगी घ्या, किंवा चित्रकाराला पैसे देऊन नवीन करून घ्या, किंवा नुसत्या अक्षरांची पोस्ट करा, सुलेखनात फार देखणी होते. सणांची पूर्ण वर्षाची यादी गुढीपाडव्याआधीच क्लायंटकडून पास करून घ्या म्हणजे आदल्या रात्री अकराला धावपळ नाही. फॉन्ट आणि स्टॉक फोटोंनाही हेच, लायसन्स क्लायंटच्या नावाने घेतलेलं उत्तम.

१८. क्लायंटच्या फर्ममधले दोन पार्टनर भांडले, दोघंही पासवर्ड मागतायत. कोणाला द्यायचे?

हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, भावाभावांतही होतं. तुमचा क्लायंट कोण ते कोटेशन आणि बिलावरच्या नावावरून ठरतं, फर्मचं नाव असेल तर फर्म, कोणी एक पार्टनर नाही. एकाच मेलमध्ये दोघांना घेऊन लिहा की दोघांच्या लेखी संमतीशिवाय कुठलाही पासवर्ड बदलणार नाही, कोणाचा अ‍ॅक्सेस काढणार नाही, साइट आहे तशी चालू राहील. मग खरंच काहीही बदलू नका, ज्याच्याशी आपली जास्त ओळख आहे त्याच्यासाठी सुद्धा. त्याच दिवशी साइटचा पूर्ण बॅकअप घेऊन तारीख टाकून ठेवा. मेंटेनन्सचं बिल चालू महिन्याचं फर्मच्या नावानेच काढा. फोनवर काही ठरलं तर मेलवर लिहून मागा. आणि कोर्टाची किंवा वकिलाची नोटीस आली तर उत्तर स्वतः न लिहिता तुमच्या वकिलाकडून पाठवा.